एकोणऐंशी नंबरचं वावर

‘कागदविरहित’ असं नाव दिलेल्या कार्यक्रमातून तुम्ही कधी रिकाम्या हातांनी घरी आला आहात का?

मी आलेले नाही. जानेवारीत नाशिकच्या एका गार हॉटेलात ‘शेतमालाच्या पुरवठा साखळीत कागदविरहित माहितीची देवाणघेवाण’ या विषयावर चर्चासत्र होतं. मी ज्या छोट्या मासिकात लिहिते, त्यांनी मला तिथे पाठवलं. परत येताना माझ्या हातात एक जाड फोल्डर, एक वही, दोन माहितीपत्रकं, तीन प्रतींतला अभिप्राय अर्ज आणि हे सगळं ठेवायला कागदाची एक पिशवी होती. पिशवीवर छापलं होतं: ‘झाडे वाचवा’.

व्यासपीठावरच्या सुटातल्या वक्त्यांचं म्हणणं मात्र साधं होतं. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या प्रत्येक प्लॉटला एक नंबर असतो. तोच नंबर पेटीवरच्या कोडमध्ये असतो. हॉलंडमधल्या गिऱ्हाइकाने कोड स्कॅन केला की त्याला शेतकऱ्याचं नाव दिसतं, छाटणी कधी झाली, फवारणी कशाची झाली, प्रयोगशाळेचा निकाल काय आला, सगळं दिसतं. एक संगणक दुसऱ्या संगणकाला माहिती देतो, मध्ये माणसाचा हात लागत नाही, म्हणून चूक होत नाही. एखाद्याचा माल खराब निघाला तर त्याच्याच पेट्या थांबतात, शेजाऱ्यावर बालंट येत नाही.

सूट दिसला की माझ्या अंगावर काटा येतो, तरीही हे मला पटलं. मग वक्त्यांनी घोषणा दिली, “शेतापासून काट्यापर्यंत!” मागच्या रांगेतले एक शेतकरी उठले.

“साहेब, कोणत्या काट्यापर्यंत?”

“म्हणजे?”

“नाही, वजनकाट्यापर्यंत असेल तर आमचा माल आत्ताही जातोच. त्याच्या पुढं कुठं जातो ते इचारतोय.”

सभागृह हसलं. वक्त्यांनी जेवायचा काटा हवेत धरल्यासारखा हात केला, पण तोवर चहा आला होता आणि खुल्या चर्चेची वेळ संपली होती.

घरी जाताना मी पंचवटीच्या भाजीबाजारात थांबले. एका बाईंकडे टपोरी द्राक्षं होती. विचारलं, “मावशी, कुठली?”

“नाशिकची.”

“नाशिकमध्ये कुठली?”

“ताई, खायचीत का त्यांच्याशी सोयरीक जोडायचीय?”

तेवढ्यात आत्याचा फोन आला. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण, सिंधूआत्या, नामपूरजवळ द्राक्षं पिकवते. म्हणाली, “परवा माल एक्सपोर्टला जातोय. पहिल्यांदा माझ्या नावाने जातोय. तू येशील का?” मी भाषणात ऐकलेला प्रवास प्रत्यक्ष करायचा ठरवला. फोल्डर घरीच ठेवलं. ते उचलायला दुसरा माणूस लागला असता.

देवळा

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने निघाले. देवळ्याला गाडी बदलायची होती आणि सटाण्याची गाडी यायला वेळ होता. स्टँडबाहेरच्या गाड्यावर गरम भजी घेतली. आमच्याकडे भज्यांबरोबर चटणी मिळते. इथे चटणी मागितली तर गाडेवाला म्हणाला, “मिरची शे ना!” ती तळलेली मिरची खाल्ल्यावर पुढची दहा मिनिटं पुरवठा साखळीविषयीचा माझा कोणताही विचार पुढे सरकला नाही.

बाकावर शेजारी एक वयस्कर कांदेवाले बसले होते. मी हुश्शहुश्श करताना त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि मग विचारलं, “कुठं निघाली, ताई?”

“नामपूरला. आत्याची द्राक्षं परदेशी जाणार आहेत. पॅकहाऊसपर्यंत, पेट्या भरतात तिथवर, त्यांच्याबरोबर जायचंय.”

“द्राक्षाला सोबत लागती?” ते हसले. “आमचा कांदा एकटाच जातो.”

मी त्यांना नंबरची गोष्ट सांगितली. ते चेष्टा करतील असं वाटलं होतं, पण ते गंभीर झाले.

“मागं आमच्या गावच्या कोणीतरी मार्केटात सडका माल ओतला. कोणी ओतला, ते कोणालाच सांगता येईना. कांद्यावर काय नाव असतं का? मग यापारी म्हणाला, ह्या गावचा कांदाच सडका. वर्षभर आमच्या ट्रॅक्टरला हात लावायच्या आधी नाक मुरडायचे.”

“आणि नंबर असता तर?”

“नंबर असता तर त्याचं नाव खराब झालं असतं. गावाचं नाय.”

हॉटेलातल्या चाळीस पानी फोल्डरमध्ये हे एक वाक्य नव्हतं. मी ते वहीत लिहून घेतलं, हेही कबूल करते की हॉटेलात मिळालेल्या वहीतच.

नामपूरजवळ

संध्याकाळी आत्याच्या घरी पोचले. “ऊनी का माय!” म्हणून तिने आधी माझ्या खांद्यावरची पिशवी घेतली, मग माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, “वाळली तू. लिहायचं कमी कर.” जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी होती. आमच्या शहरातल्या वसाहतीत पाहुण्याला “अजून घ्या” असं म्हणतात. इथे विचारत नाहीत, वाढतात. नको म्हणायला तोंड उघडलं की तेवढ्यात ताटात भाकरी पडते.

मोसम नदीच्या या भागात वावरांना नावं असतात. आत्याच्या वावराचं नाव ‘बाभूळवालं’. बाभूळ कधीच गेली, नाव राहिलं. दोन वर्षांपूर्वी प्लॉटची नोंदणी करताना अर्जात ‘प्रत्यक्ष शेती कोण करतं’ असा रकाना होता. आत्याचे यजमान, आमचे मामा, शाळामास्तर. त्यांनी त्या रकान्यापुढे प्रामाणिकपणे ‘पत्नी’ असं लिहिलं आणि सगळी नोंदणी आत्याच्या नावावर झाली. तालुक्याच्या कचेरीतला माणूस म्हणाला होता, “मास्तर, चुकून लिहिलं का?” मामा म्हणाले, “नाही. चुकून इतकी वर्षं माझं लिहीत होतो.”

आता बाभूळवाल्या वावराच्या तोंडाशी पत्र्याची पाटी आहे. त्यावर प्लॉटचा लांबलचक नंबर आहे, शेवटी सात आणि नऊ. बाहेरच्या माणसाने परवानगीशिवाय प्लॉटात शिरू नये असा नियम आहे, म्हणून ही पाटी. ती रंगवली दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने. त्याला नंबर फार उघडाबोडका वाटला असावा. त्याने खाली गुलाबाची दोन फुलं काढली आणि लिहिलं, ‘आपले सहर्ष स्वागत’.

“तपासणीवाले साहेब हसले,” आत्या म्हणाली. “पण नंबर बरोबर होता. मला तो झोपेतबी येतो.” आणि तिने तो घडाघडा म्हणून दाखवला. शेवट असा: “चारशे, एकोणऐंशी.”

मग हात पुसत म्हणाली, “मागच्या वर्षीबी माल बाहेर गेला, पण यापाऱ्याच्या नावावर. कोणती पेटी मनी, कोणती दुसऱ्याची, काही पत्ता नाही. यंदा मनं नाव येईल त्यात. मला पैशाचं नंतर सांग. मला ते नाव बघायचंय.”

काढणी

सकाळी सात वाजता आठ बाया कात्र्या घेऊन वेलींखाली उभ्या होत्या. थंडी होती, पण घड हातात धरायचा तर मोजे घालून चालत नाही. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. मण्यावर जी पांढुरकी झाक असते ती पुसली गेली की माल दर्जाने उतरला. मी पहिलाच घड नको तसा धरला. एक बाई म्हणाली, “ताई, तुम्ही लिवा. ते बरं.”

आत्याने मला देठ दाखवला. “हा हिरवा आहे तोवर एक्सपोर्ट. हा तपकिरी झाला की लोकल. कापल्यापासून याचं घड्याळ सुरू होतं. बाकी घड्याळं खोटी.”

माल प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरला जात होता. क्रेटला इथे सगळे ‘कॅरेट’ म्हणतात. सोन्यालाही तोच शब्द लागतो, ही गोष्ट त्या सकाळी मला योग्य वाटली. पॅकहाऊसचे सुपरवायझर भामरे एक खोकं घेऊन आले होते. त्यात प्रत्येक कॅरेटला लावायचे छापील बारकोडचे स्टिकर होते. मला आनंद झाला. साखळीची पहिली कडी!

भामऱ्यांनी खोकं उघडलं, स्टिकरांकडे समाधानाने पाहिलं आणि पुन्हा बंद केलं.

“लावायचे नाहीत का?”

“दवाने भिजतात ना, ताई. मग निघतात. वाया जातात.” त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं. “साहेब आले तेव्हा लावले होते. फोटोला.”

त्यांनी एका चिठ्ठीवर नंबर लिहिला, ती पहिल्या कॅरेटात घडांवर ठेवली आणि पॅकहाऊसला फोन लावला, आगाऊ नोंद व्हावी म्हणून. नंबर त्यांनी स्पष्ट, शाळेत पाढे म्हणावेत तसा सांगितला. मी शेजारी उभी होते. मी घरी सभांच्या पत्रकांची प्रुफं वाचत मोठी झाले. आकडा चुकला की सभा चुकीच्या दिवशी भरते, हे मला लहानपणीच कळलं होतं, त्यामुळे आकडा ऐकला की माझे कान आपोआप टवकारतात. भामरे शेवटी म्हणाले, “एकोणऐंशी. हां, एकोणऐंशी!” बरोबर सांगितलं. पलीकडून ‘ओके सर’ असा आवाज आला. मी निर्धास्त झाले.

साडेनऊला पिकअप निघाली. चालवायला मालेगावचे रफिकभाई, शेजारी आत्या, खिडकीशी मी. आत्याने नवं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत नोंदणीचे कागद धरले होते.

“वहिनी, लग्नाला निघाल्यासारख्या निघाल्या,” रफिकभाई म्हणाले.

“पाठवणीला,” आत्या म्हणाली. “हळू चालव. पोरी मागं बसल्यात.”

पॅकहाऊस

सव्वाबाराला पोचलो. महामार्गाच्या कडेचं भलंमोठं पॅकहाऊस, बाहेर पांढरा कंटेनर उभा. लाइनवर शेवटचा माल तीन वाजता चढणार, संध्याकाळी कंटेनरला सील लागणार, असं फाटकावरच कळलं.

आत जायच्या आधी चपला बाहेर काढायच्या, हातपाय धुवायचे, डोक्यावर टोपी घालायची, दागिने काढायचे, सहीची वही भरायची. जातीमुळे दारात थांबायची आमच्या घराण्याला जुनी सवय आहे. आत्या टोपीत केस कोंबत म्हणाली, “इथं निदान सगळ्यांनाच थांबवतात.”

आवक कक्षात संगणकासमोर ओंकार नावाचा विशीतला ऑपरेटर होता. त्याने बोटं चालवली, थांबला, पुन्हा चालवली. पडदा लाल झाला.

“काकू, तुमचा माल होल्डवर आहे.”

“म्हणजे?”

“तुमच्या प्लॉटचं सॅम्पल फेल दाखवतंय.”

आत्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, मग दुप्पट आला. “मना सॅम्पल पास शे! हा घे कागद!”

“काकू, इथे कागद चालत नाही. सिस्टीममध्ये दिसलं पाहिजे.”

मॅनेजर आले. शिरसाठ साहेब, इस्त्रीचा शर्ट, त्यावर इस्त्रीचं हसू. त्यांनी पडद्यावर नजर टाकली. “सिस्टीम चुकत नाही, मावशी. वाईट वाटून घेऊ नका. माल लोकलला टाकू. नाशिकची माणसंही द्राक्षं खातातच की.”

“सिस्टीम चुकत नाही, मग मी चुकले का?”

“तसं नाही…”

“मग कोण चुकलं? द्राक्षं?”

बाहेर पिकअप कडुनिंबाखाली उभी होती. सावली सरकत होती. रफिकभाईंनी ताडपत्री ओढून घेतली होती, तरी मी एक घड उचलून पाहिला तेव्हा देठाच्या टोकाला तपकिरी ठिपका दिसला. पाऊण वाजला होता.

मी पडदा नीट पाहिला. वर नाव होतं, पण ते आत्याचं नव्हतं. दुसऱ्याच तालुक्यातल्या कोणा गृहस्थांचं होतं.

“आत्या, हे तुझं नाव आहे का?”

तिने वाकून पाहिलं. “हा बाप्या कोण? मी याच्यासारखी दिसते का?”

शिरसाठ साहेबांनी चष्मा लावला. नंबरच्या शेवटी होतं आठ आणि नऊ.

मी विचारलं, “हा नंबर संगणकात आला कसा?”

“इलेक्ट्रॉनिक पद्धतीने,” साहेब म्हणाले.

“म्हणजे कसा?”

साहेबांनी ओंकारकडे पाहिलं. ओंकार म्हणाला, “भामरे सरांनी फोनवर सांगितला, मी टाइप केला.” फोनही विजेवर चालतो, तेव्हा साहेबांचं अगदीच खोटं नव्हतं. भामऱ्यांची चिठ्ठी पहिल्या कॅरेटातच पडून होती, ती कोणी वाचलीच नव्हती.

“त्यांनी काय सांगितलं?”

“एकोणऐंशी.”

“मग ते लिहून दाखव.”

त्याने कागद घेतला (कागद होता!) आणि लिहिलं: ८९. माझ्याकडे पाहत म्हणाला, “ऐंशी आहे ना त्यात. ऐंशी आणि नऊ.”

शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, “नाही रे, एक आहे त्यात. एक्क्याऐंशी.” मग दोघंही साहेबांकडे वळले. साहेबांनी मोबाइल काढला. “मी आकड्यांचा विचार इंग्रजीत करतो,” ते म्हणाले आणि कोणालातरी फोन लावायच्या बेतात होते, तेवढ्यात आत्या टेबलापाशी गेली. मला वाटलं, आता ती त्या पोराला फाडून खाणार. तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं.

“बाळा, एकोण म्हणजे एक उणा. ऐंशीमा एक कमी. शब्दातच शे.” तिने ७९ लिहिलं. “तुले कोणी शिकवलंच नाही, तू काय करशील?”

ओंकारचे कान लाल झाले. “आमचं इंग्लिश मीडियम, काकू.”

“आणि ज्याचा एकोणनव्वद आहे,” मी म्हटलं, “त्याचा माल आज एकोणऐंशीच्या नावावर निघून गेला असता तर?”

ओंकारने आपला ८९ खोडला. पुरवठा साखळीवर मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं व्याख्यान आत्याचंच होतं.

मला वाटलं, चूक सापडली, आता दुरुस्त होईल. तुम्हालाही तसंच वाटलं असेल तर तुम्ही कधी संगणकाने सुधारलेल्या कार्यालयात गेलेला नाहीत. झालेली नोंद इथे बदलता येत नव्हती. बदलायची तर मुंबईच्या कार्यालयाला मेल करायचा. मेलला विनंतीपत्र जोडायचं. विनंतीपत्र छापायचं, त्यावर साहेबांनी सही करायची, शिक्का मारायचा, मग ते स्कॅन करून पाठवायचं. मुंबईत ते छापून घेतात.

“उत्तर कधी येतं?”

“उद्यापर्यंत नक्की.”

आत्या म्हणाली, “साहेब, देठ उद्यापर्यंत थांबत नाही.”

साहेब खरंच अस्वस्थ झाले होते, हे मला लिहिलं पाहिजे. त्यांनी दोनदा हसू जागेवर आणायचा प्रयत्न केला, ते बसलं नाही. तेव्हा ओंकारच बोलला, हळूच. “सर, जुनी नोंद बदलता येत नाही. पण माल नव्याने आवकेत घेता येतो. फक्त नवीन आवक फाटकावरच सुरू होते.”

“म्हणजे?”

“म्हणजे गाडी बाहेर न्यायची आणि परत आत आणायची.”

बाहेर जाऊन आम्ही रफिकभाईंना हे सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं. “यू टर्न मारला की माल नवा होतो?”

“हो.”

“मग माझी ही गाडीपण दोन चकरा मारून आणतो. मॉडेल जुनं झालंय.”

“आणि या वेळी नंबर कोणी तोंडाने सांगायचा नाही,” मी म्हटलं. “स्कॅन करायचा. तुमच्याकडे स्कॅनर असेल ना?”

स्कॅनर होता. साहेबांनी कपाट उघडलं. वरच्या फळीवर, मूळ खोक्यात, प्लास्टिकची पारदर्शक पट्टी तशीच चिकटलेली, बंदुकीच्या आकाराचा स्कॅनर विराजमान होता. त्याच्या गळ्यात वाळलेल्या झेंडूची माळ होती आणि काचेवर हळदीकुंकवाचं बोट ओढलेलं. दसऱ्याला यंत्रांबरोबर त्याचीही पूजा झाली होती.

“वापरत का नाही?”

“महाग आहे, मॅडम. बिघडला तर वरून विचारतात. वापरला का, ते विचारत नाहीत.”

आत्याने तो हातात घेतला, पदराला थोडं पाणी लावून काचेवरचं कुंकू स्वच्छ पुसलं आणि ओंकारच्या हाती दिला. “आता याला काम दे.”

गाडी फाटकाबाहेर गेली. पहारेकऱ्याने बाहेर जायची वही भरली. गाडी वळली. पहारेकऱ्याने आत यायची वही भरली आणि तीच गाडी, तोच चालक, त्याच आम्ही दोघी पाहून त्याने कर्तव्य म्हणून विचारलं, “कुठून आलात?”

“तुमच्या फाटकातून,” रफिकभाई म्हणाले.

आवक कक्षात आत्याने नोंदणीचा कागद पुढे धरला. त्यावर कोपऱ्यात बारकोड होता. तो दोन वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत झोपलेला होता, त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. ओंकारने स्कॅनर रोखला. ‘टुक्’ असा आवाज झाला. चार सेकंद गेले असतील. पडदा हिरवा झाला. सिंधू अहिरे, नामपूर. सॅम्पल पास.

पावणेदोन वाजले होते.

मी त्या हिरव्या पडद्याकडे पाहत राहिले. मी इथे चिडून लिहायला आले होते आणि चिडले आहेच. पण खरं ते लिहायला हवं. आत्याला नंबरने अडवलं आणि नंबरनेच सोडवलं. नंबर नसता तर तिचा माल कोणा दुसऱ्याच्या खराब मालात मिसळून गेला असता आणि ‘हा माझा नाही’ हे तिला जन्मात सिद्ध करता आलं नसतं. दोष कोडचा नाही. दवाने भिजतात म्हणून खोक्यात ठेवलेल्या स्टिकरांचा आहे, देव्हाऱ्यात बसवलेल्या स्कॅनरचा आहे आणि कपाटाला कुलूप घालून भाषणाला जाणाऱ्यांचा आहे. चार सेकंदांचं काम तोंडी केलं म्हणून दीड तास गेला.

अडीचला आमचा माल लाइनवर चढला. देठ अजून हिरवे होते. टोप्या घातलेल्या बाया भराभर घड साफ करत होत्या, डब्यांत भरत होत्या, पेट्यांवर लेबलं लागत होती. साहेबांनी स्वतः एक पेटी आत्यापुढे आणून ठेवली. तिने काळ्यापांढऱ्या चौकोनाकडे पाहिलं आणि मला म्हणाली, “तुझ्या मोबाइलने कर.”

मी स्कॅन केलं. इंग्रजीत तिचं नाव आलं. ती इंग्रजी अक्षरं एकेक करून लावत वाचू लागली, सही शिकताना वाचावं तसं. एस, आय, एन… पूर्ण वाचून झाल्यावर तिने लांब श्वास घेतला. मग तिचं लक्ष खाली गेलं. नावाखाली फोटो होता. ‘तुमचा शेतकरी’ असं लिहिलेलं आणि पागोटं घातलेले, पांढऱ्या मिशांचे एक आजोबा दिलखुलास हसत होते.

“हा कोण बाबा?”

ओंकारने मान खाली घातली. “तो सगळ्यांना सारखाच असतो, काकू. डिझाइनमध्ये आहे.”

“सिंधू नाव त्याचं?”

बाया हसल्या. साहेबसुद्धा हसले, आणि हे हसू इस्त्रीचं नव्हतं. आत्या हसली नाही. “मिशीवाल्या बाबाने छाटणी केली नाही. मी केली. माझा फोटो काढ.”

“अपलोड करायला मुंबईची मंजुरी लागते…”

“तू काढ तर.”

त्याने काढला. डोक्यावर निळी टोपी, हातात घड देठाला धरलेला, मण्याला बोट न लावता. मग साहेबांनी विनंतीपत्र छापलं, त्यावर सही केली, शिक्का मारला, स्कॅन केलं आणि मुंबईला पाठवलं. आमच्या डोळ्यांसमोर पाठवलं.

निघताना आत्याने विचारलं, “तिकडच्या माणसाला मनं नाव दिसस. छाटणी दिसस, फवारणी दिसस. तो कोण आहे, त्याने माल खाल्ला का, गोड लागला का, ते मला कुठं दिसणार?”

साहेबांनी विचार केला. “तशी सोय नाही, मावशी.”

चर्चासत्राच्या फलकावर शब्द होता देवाणघेवाण. देवाण मी डोळ्यांनी पाहिली. घेवाण साखळीत कुठल्याच कडीला सापडली नाही. पेटी उघडणाऱ्याला शेतकरीण आरपार दिसावी आणि शेतकरणीला पलीकडे नुसता अंधार, याला देवाणघेवाण म्हणत नाहीत, पाळत म्हणतात. आत्याचं म्हणणं एवढंच होतं की खिडकी असेल तर ती दोन्ही बाजूंनी उघडू द्या.

त्या संध्याकाळी कंटेनरला सील लागलं. मुंबईचं उत्तर मी हे लिहीपर्यंत आलेलं नाही.

म्हणून वाचकहो, तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्या घरातलं, गल्लीतलं, नात्यातलं कोणी ना कोणी परदेशात आहेच. त्यांना आज निरोप पाठवा: द्राक्षांची पेटी भारतातून आलेली दिसली तर डबा फेकण्याआधी त्यावरचा कोड स्कॅन करा आणि जे दिसेल त्याचा फोटो काढून आमच्या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. शेतकऱ्याच्या जागी पागोट्यातले आजोबा दिसले तर विकणाऱ्या दुकानालाही एक खरमरीत पत्र लिहा की हा माणूस कोण, आणि ज्यांचं नाव वर आहे त्यांचा चेहरा कुठे आहे. आणि नाव सिंधू अहिरे निघालं, तर आणखी एक ओळ लिहा: द्राक्षं गोड होती की आंबट. आंबट असली तरी लाजू नका, लिहा. आत्या म्हणते, भांडायला का होईना, पलीकडून कोणीतरी बोललं पाहिजे.